पंच क्रमांक एक

फोन वाजला तेव्हा नागोरावच्या तोंडात दोन टाचण्या होत्या, म्हणून पलीकडच्या माणसाचं पहिलं सगळं बोलणं त्याने नुसतं ऐकून घेतलं. माणूस हिंदीत बोलत होता आणि हिंदी अशी की कडक इस्त्री मारलेली. तुमच्या नावाने मुंबईच्या एका बँकेत खातं आहे, त्या खात्यातून गुन्ह्याचा पैसा फिरला आहे, खातं उघडायच्या फॉर्मवर तुमची सही आहे, दिल्लीच्या तपास खात्याचे साहेब आता व्हिडिओवर येतील, फोन ठेवायचा नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मुंबईचं तोंड पाह्यलं नाही बापा म्या, कोणतं खातं अन् कोणती सही घेऊन बसला. सरळ माणसाला सरळ उत्तर सुचतं. नागोरावने टाचण्या तोंडातून काढल्या, एकेक करून उशीत खोचल्या आणि विचारलं, "कौनसे साल का कागज हाय, साहेब?"

आता हे असं का विचारलं ते सांगितलं पाहिजे. यवतमाळला उमरसऱ्याकडे हे दोन खोल्यांचं घर घेऊन नागोरावला सात वर्षं झाली. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं त्याने वणीकडच्या कोळशाच्या रस्त्यावरच्या एका गावात काढली. त्या गावाचं नाव तो घेत नाही, आपणही नको घ्यायला. तिथे ठाण्याच्या फाटकासमोर त्याचं शिलाईचं दुकान होतं. नवा शिपाई आला की त्याचं माप घ्यायचं, बढती झाली की फीत बदलायची, पोट सुटलं की कंबर उसवून आतलं कापड सोडायचं. आणि या शिलाईच्या जोडीला आणखी एक काम त्याला आपोआप चिकटलं, पंच होण्याचं. कुठे छापा पडला, काही जप्त झालं, की कायद्याला दोन तिऱ्हाईत माणसं लागतात. हे सारं यांच्या डोळ्यांदेखत झालं असं कागदावर लिहायला. तिऱ्हाईत कुठे शोधत बसायचा? समोर नागोराव होताच. "नागोराव, ये ना बापा, दोन सह्या हाणून जाय," असं जमादार फाटकातूनच ओरडायचा. कधी हा जायचा, कधी कागदच दुकानात यायचा. कधी कागदावर मजकूर असायचा, कधी तो मागाहून भरायचा असायचा. खडूने माखलेल्या बोटांनी त्याने सह्या करून दिल्या, नाव लिहिलं, पुढे 'पंच क्रमांक एक' लिहिलं आणि पुन्हा मशीनचं पायडल मारायला घेतलं. त्यामुळे आज जगातला कुठलाही कागद पुढे केला तरी यावर माझी सही नाही, असं नागोराव छातीवर हात ठेवून सांगू शकला नसता.

अशा फोनांबद्दल त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. मध्यंतरी कोणालाही फोन लावा, आधी ती बाई सावध राहा म्हणून सांगायची, इतकी की नागोराव तिच्यावर खेकसायचा. समीक्षाने, म्हणजे त्याच्या मुलीने, नागपूरला परत जाताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेनाने १९३० हा सायबर पोलिसांचा नंबर मोठा लिहून ठेवला होता. "बाबा, असा फोन आला तर कापायचा अन् याच्यावर सांगायचं, बाकी काही डोकं लावायचं नाही," असं म्हणाली होती. चहाच्या टपरीवर एका रिटायर मास्तराची गोष्ट निघाली, तो दोन दिवस घरात कोंडून बसला अन् होतं-नव्हतं ते देऊन बसला, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसणारा नागोरावच होता. शिकलेले लोक येडे राह्यतात, म्हणाला होता. हसणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं. कॅलेंडर आत्ता त्याच्या अगदी नाकासमोर होतं, नंबर वाचता येत होता, आणि त्याने उठून आतल्या खोलीचं दार लावलं, कडी घातली, कारण साहेबाने तसं सांगितलं होतं.

साहेब व्हिडिओवर आला. मागे झेंडा, मागे कसलीशी पाटी. नागोरावने आधी चेहरा पाहिला नाही, खांदा पाहिला. ही जन्माची खोड. खांद्यावरची पट्टी गळ्याकडच्या टोकालाही शिवून टाकलेली होती. खऱ्या वर्दीची पट्टी तिथे बटणाने अडकते, सोडता येते, कारण तिच्यावरचे तारे काढावे-घालावे लागतात. अशी शिवून बंद केलेली पट्टी नागोरावने स्वतः ढिगाने केली होती, शाळांच्या गॅदरिंगसाठी, पोरं बटणं तोडून टाकतात म्हणून. गळा इंचभर ढिला. खिशाची झाकणं वरखाली. त्याच्या बोटांना कळून चुकलं होतं की हा कापडाचा पोलीस आहे. बोटं गप राहतात. मन म्हणालं, आता दिल्लीकडे तयार वर्द्या मिळत असतील, जमाना बदलला, तू कोण मोठा लागून गेलास. मग फोनवर अटकेचा हुकूम आला, वर सिंहाचं चित्र, खाली गोल शिक्का, आणि जावक क्रमांकच नाही. अठ्ठावीस वर्षं ठाण्याचे कागद पाहिलेल्या माणसाला तेही दिसलं. तेही त्याने गिळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. चांदणं पडलं की माणसाला पाहिजे ते दिसत नाही आणि नको ते लख्ख दिसतं. "आप डिजिटल अरेस्ट में हैं," साहेब म्हणाला, "कैमरे के सामने से हिलना नहीं. किसी से बात नहीं." नागोराव म्हणाला, "जी." त्याला भीती वाटली, पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या तळाशी कुठेतरी हायसंही वाटलं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

खिडकी बंद, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज चालणार नाही म्हणे. दिवाळी होऊन गेली होती तरी दहा-साडेदहाचं ऊन पत्र्यावर चढत होतं आणि खोलीत मशीनच्या तेलाचा, नव्या कापडाचा, अंगाच्या घामाचा वास दाटत होता. फोन दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला टेकवून उभा केलेला. त्यात एका कोपऱ्यात नागोरावला स्वतःचं तोंड दिसत होतं, लहानसं, ओशाळलेलं. इतका वेळ त्याने स्वतःचं तोंड आयुष्यात पाहिलं नव्हतं. साहेब मधेच कागद चाळायचा, मधेच कॅमेऱ्याबाहेर बघायचा. त्याच्या मागे कुठेतरी एक बाई हुबेहूब हीच वाक्यं दुसऱ्या कोणाला तरी सांगत होती. लघवी लागली तेव्हा नागोरावने हात वर केला, चौथीतल्या पोरासारखा. "पाँच मिनट, फोन साथ लेके," साहेब म्हणाला. पासष्टीचा माणूस फोन हातात घेऊन खोलीतल्याच मोरीत उभा राहिला आणि त्याला झालीच नाही. परत येऊन बसला. बाहेरून बायकोने, मैनाबाईने, दार वाजवलं.

"अवो, कडी काहून लावली? पोहे थंडे होऊन राह्यले."

"काम हाय," तो म्हणाला.

"कोनाशी बोलून राह्यले? समीक्षा हाय का?"

"तू जाय ना तिकडं."

ती गेली नाही. ती जात नाही. गुडघे गेल्यापासून मैनाबाई कुठे गेली की तिथेच टेकते. दाराबाहेर स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग तिचा तो बसतानाचा 'आई गं', आणि मग दाराची फळी किंचित आत आली, म्हणजे तिने पाठ टेकली. अंगणवाडीत तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं उचलून तिचे गुडघे झिजले होते. पुढच्या महिन्यात नागपूरला ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यासाठीचा पैसा तिच्या सेवेचाच होता, दोघांच्या नावावर बँकेत ठेवलेला. साहेबाने पासबुक मागितलं तेव्हा नागोरावला पहिल्यांदा कळलं की ही वाट कुठे जाते. "ये रकम सरकारी खाते में जमा होगी, जाँच के बाद वापस," साहेब सांगत होता. "नहीं तो आज शाम तक आपके घर गाड़ी आएगी. मोहल्ले के सामने ले जाएँगे." कपाट मागेच होतं. पासबुक त्यात मैनाबाईच्या लुगड्यांखाली होतं. दाराच्या अलीकडे तो आणि पलीकडे ती, मध्ये बोटभर फळी, आणि तिचे गुडघे याच्या हातात आले होते. त्याने पासबुक काढलं, मांडीवर ठेवलं आणि वरून हात दाबून धरला.

गाडी येईल, मोहल्ल्यासमोर नेतील. हे वाक्य त्याच्या डोक्यात फिरत राहिलं, कारण ते त्याने याआधी पाहिलेलं होतं. हिरासिंगला असंच नेलं होतं. हिरासिंग तांड्यावरचा, ट्रकवर क्लीनर होता. कोणाच्या तरी विहिरीवरच्या पंपाची तांब्याची तार गेली, आणि जमादाराने पंचनामा लिहिला की आरोपीने पंचांसमक्ष घरामागच्या कुडाच्या आडोशातून तार काढून दिली. पंच क्रमांक एक त्या दिवशी एका लग्नाचं सफारी शिवत होता. घाई होती. त्याने सही केली आणि चहा प्यायला. तांडा त्याने त्या दिवशी पाहिला नाही, कधीच पाहिला नाही. दुसरे पंच कोर्टात उलटतात, आम्हाला काही माहीत नाही म्हणतात आणि सुटतात. ते त्याला जमलं असतं. पण ठाण्यातली सगळी शिलाई त्याच्याकडे होती, आणि खरं तर तेवढंच कारण नव्हतं. जमादार म्हणाला होता, "नागोरावसारखा पंच नाही जिल्ह्यात, कधी उलटत नाही," आणि ते नागोरावला गोड वाटलं होतं. कोर्टात हिरासिंगच्या वकिलाने विचारलं, तांड्यात जायचा रस्ता कोणत्या बाजूने? "आंब्याच्या बाजूनं," नागोराव म्हणाला. जमादाराने तसं शिकवलं होतं. पिंजऱ्यातून हिरासिंग एवढंच बोलला, "साहेब, हा मानूस मी आजच पाह्यतो." तो खरं बोलत होता. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. तार त्यानेच चोरली होती की नाही हे नागोरावला आजही ठाऊक नाही. त्याला एवढंच ठाऊक, की त्याने पाहिलं नव्हतं.

आणि हे इथे थांबलं असतं तर माणूस विसरतोही. हिरासिंगची बायको ममता जेलच्या भेटीचं विचारायला ठाण्यात येऊन बसायची. फाटकाबाहेर ऊन, म्हणून ती नागोरावच्या दुकानाच्या सावलीला यायची. कोर्टाच्या दिवशी तिला पोर झालेलं होतं महिन्याभराचं, ती आत आलीच नव्हती. पंच कोण होता, तिला काय माहीत. दुकानामागेच त्यांचं घर. मैनाबाईने तिला आत बोलावलं, भाकर वाढली, पोराला मांडीवर घेतलं. तिच्या मोठ्या पोरीच्या शाळेचा ड्रेस नागोरावने शिवून दिला, पैसे घेतले नाहीत. ममता उठून त्याच्या पाया पडायला वाकली. "भाऊ, तुमी देवमानूस हाय," म्हणाली. मैनाबाईकडे बघून म्हणाली, "बाई, तुमचं नशीब." आणि मैनाबाई अशी हसली, अशी ताठ झाली, की नागोरावने तोंड फिरवून मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला आणि तो कितीतरी वेळ ओवला गेलाच नाही. त्या हसण्यापासून त्याने तिला सांगायचं टाळलं. उद्या सांगू, परवा सांगू. हिरासिंग सुटला, बायकोपोरं घेऊन सासरगावी गेला, फुलसावंगीकडे, तरी हा गप्प. दुकान विकलं, यवतमाळला आला, लोक विचारत, चांगलं चालतं दुकान काहून सोडलं, तर म्हणायचा, डोळे गेले. डोळे चांगले होते. कोणीतरी येईल, विचारील, एवढीच वाट तो इथे पाहत होता. कोणी आलं नाही. दर फोनला हातातलं काम टाकून उठायचा आणि फोन गॅसवाल्याचा निघायचा.

"अंकल, सुन रहे हो?" साहेब म्हणत होता. "मैनेजर पूछे तो बोलना, घर का काम है. फोन जेब में चालू रहेगा." नागोरावने मान वर केली. पासबुक उघडून कॅमेऱ्यासमोर धरायचं होतं, मग शर्ट घालून बँकेत जायचं होतं. तो उठला नाही. मैनाबाईचा पैसा यांना दिला तरी आपलं काही फिटत नाही, हे त्याला एकदम, अगदी साध्या हिशेबासारखं दिसलं. जे द्यायचं आहे ते द्यावं. शाम तक गाडी येणार असेल तर यावी.

"साहेब," तो म्हणाला, "आधी माझा जबाब लिहून घ्या."

"कैसा जबाब?"

"सही माझी हाय. त्या बँकेचं नाही ठाऊक, पन माझी सही खोटी हाय. लिहा." आणि त्याने सांगायला सुरुवात केली, मराठीत, ठाण्यात सांगतात तसं. नाव, वय, धंदा. मग हिरासिंगचं नाव, तांब्याची तार, सफारी, चहा, आंब्याची बाजू. एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा, कारण लिहिणारा मागे पडतो, त्याला वेळ द्यावा लागतो; हेही त्या अठ्ठावीस वर्षांतलंच. तार मी पाहिली नाही. थांबला. तांड्यात मी गेलो नाही. थांबला. कोर्टात मी शपथेवर लबाड बोललो. त्याचा आवाज फुटत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरी थांबायच्या जागी तो बरोबर थांबत होता. ममताचं त्याने शेवटी सांगितलं. मग वाट पाहिली. आता तो म्हणेल, तारीख सांगा. आता विचारील, दुसरा पंच कोण. कागद उलटल्याचा आवाज येईल. साहेब कान खाजवत होता. त्याच्यापुढे कागदही नव्हता आणि पेनही नव्हतं.

"अंकल, वो केस हमको नहीं चाहिए," तो म्हणाला. जरा चिडला होता. "टाइम खराब मत करो. पासबुक दिखाओ."

नागोराव त्याच्याकडे पाहत राहिला. ठाण्यासमोर त्याने हरतऱ्हेचे पोलीस पाहिले होते, चांगले, हरामखोर, दारू पिऊन पडलेले. पण समोरचा माणूस स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल करतोय आणि तो नको म्हणणारा पोलीस त्याने पाहिला नव्हता. जो गुन्हा उचलत नाही तो पोलीस कसला? मग बोटांना सकाळीच कळलेलं सगळं एकदम वर आलं, ती शिवून बंद केलेली पट्टी, तो ढिला गळा, जावक क्रमांक नसलेला हुकूम. गॅदरिंगमधला इन्स्पेक्टर. नागोरावला संताप यायला पाहिजे होता. आला तो भलताच आला. पैसे मागितले म्हणून नाही. एवढ्या वर्षांनी सांगितलं आणि ज्याला सांगितलं त्याने ऐकलंसुद्धा नाही, म्हणून.

"तुझ्या खांद्याची पट्टी उसव अन् तिले काज कर," तो त्या चेहऱ्याला म्हणाला. "मंग बोल." आणि लाल बटण दाबलं. फोन लगेच पुन्हा वाजला. त्याने तो बंदच करून टाकला. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली, पण हवा तीच होती. पासबुक घामाने ओलं झालं होतं. त्याने ते धोतराला पुसलं, लुगड्यांखाली ठेवलं आणि कडी काढली.

मैनाबाई स्टुलावरच होती. पोह्यांची ताटली तिच्या मांडीवर, वर झाकण. तिने उठायचा प्रयत्न केला नाही.

"तो फ्रॉडवाला होता ना?" ती म्हणाली. "दिल्ली-दिल्ली करून राह्यला होता. मी हळूच समीक्षाले फोन लावला, तिनं त्या नंबरवर सांगतलं. पैसे देल्ले का?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. मग बराच वेळ ताटलीवरचं झाकण बोटाने फिरवत राहिली. नागोराव चौकटीत उभा. तिच्या बाजूने बाहेर जायला जागा नव्हती, स्टुलाने दार अडवलं होतं.

"मी सारं ऐकलं," ती म्हणाली. "ते हिरासिंगचं. तुम्ही भेवानं बोलले असान. मानूस भेला की काहीबी बोलते." तिने वर पाहिलं. तिला 'हो' हवं होतं. एक 'हो' म्हटलं की ती उठली असती, पोहे गरम केले असते, संध्याकाळी शेजारणींना गोष्ट सांगितली असती की आमच्या यांनी कसा त्या चोराला झापला. नागोरावच्या जिभेवर ते आलंही होतं. जबाब कोणी लिहून घेतला नव्हता. कागद नव्हता, सही नव्हती, जगात कुठे नोंद नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "ते खरं हाय."

मैनाबाईने झाकणावरचं बोट काढून घेतलं. तिचा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला, आणि तो पाहत राहण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

"ती माह्या हातची भाकर खात होती," शेवटी ती म्हणाली. "मी तिचं पोर खेळवत होती. अन् तुम्ही तिथंच बसून होते."

"हो."

"कुठं राह्यतात आता थे लोक?"

"फुलसावंगीकडं. तांड्यावर."

"हे तुम्हाले ठाऊक हाय."

"ठाऊक हाय."

"कईपासून?"

"पयल्यापासून."

तिने ताटली खाली ठेवली, दाराच्या चौकटीला धरून, दात आवळून, ती उभी राहिली. त्याने हात पुढे केला तो तिने घेतला नाही.

"म्हन्जे बसबी ठाऊक असन," ती म्हणाली.

नागोरावला ठाऊक होती. सकाळी सव्वासातला सुटते, महागावला बदलावी लागते.